कलिंगडाला पेंढ्याचं आच्छादन घातल्यावर वेली पिवळ्या पडल्या, आच्छादन काढून टाकू का?

काढू नका. तुम्ही लिहिलंय की बी टोकल्याबरोबर पेंढा पसरला, थोडा मातीतही मिसळला आणि आता महिन्याभराच्या वेली पिवळट होऊन जागच्या जागी थांबल्यात. पहिल्या वर्षी मीही अगदी हेच केलं होतं.

गव्हाच्या काडात कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण साधारण ८० ला १ असतं. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना २५-३० ला १ लागतं, म्हणून कमी पडलेला नत्र ते मातीतून उचलतात. काड नुसतं वर पसरलेलं असेल तर ही ओढ मातीच्या वरच्या पापुद्र्यापुरतीच राहते. मातीत मिसळलं की मुळांच्या तोंडचा घास जातो. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असतील तर नत्रच कमी पडलाय असं समजा. आच्छादन बाजूला सारा, वेलीभोवती चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घाला, पाणी द्या आणि आच्छादन परत ओढून घ्या.

दुसरी गोष्ट मातीच्या उबेची. कलिंगड, खरबूज दोन्हींना तापलेली माती लागते. २० अंशांच्या खाली बी नीट उगवत नाही. आच्छादनाखाली माती थंड राहते. भर उन्हाळ्यात हे हवंच असतं, कोवळं रोप मात्र त्यानं खुंटतं. पुढच्या वेळी वेल हातभर पळेपर्यंत माती उघडी ठेवा. मग तण काढून भरपूर पाणी द्या आणि ओल्या मातीवर दोन-तीन इंचांचा थर पसरा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड सडतं. गवत घेणार असाल तर बी धरण्याआधी कापलेलंच घ्या. पेंढा बाहेरून आणत असाल तर त्या शेतात कोणतं तणनाशक मारलं होतं हेही विचारा. काहींचा अंश काडात महिनोन्महिने टिकतो आणि रुंद पानांच्या पिकांचे शेंडे वाकडे करतो.

एवढी खटपट कशासाठी, ते एकदा ऐन दुपारी पेंढा उचलून बघा. मी पाहिलं तेव्हा वरची काडी हाताला चटका देत होती. खालची काळपट, ओलसर, बोटांत चुरा होणारी. तिच्यात बुरशीची पांढरी जाळी पसरलेली आणि कलिंगडाची केसासारखी मुळं त्यात चढून आलेली! मातीतली ओल अशी एकसारखी राहिली की फळं तडकणं कमी होतं. फळाचं टोक काळं पडून सडणंही आटोक्यात येतं, कारण कॅल्शियम फळापर्यंत पोचतं ते पाण्याबरोबरच. शिवाय फळ ओल्या मातीला टेकत नाही.

हंगाम संपल्यावर उरलेला पेंढा जाळू नका, तिथेच कुजू द्या. माझ्याकडे तिसऱ्या वर्षी ढेकळं हातानं फुटायला लागली.

फक्त फळं पिकायला लागली की पाणी कमी करा. आच्छादनाखाली ओल बरेच दिवस टिकते आणि नेहमीसारखं पाणी देत राहिलात तर फळ पाणचट निघतं. पाणी द्यायच्या आधी दरवेळी पेंढ्याखाली बोट खुपसून बघत जा.