पंधरा वर्षांनी पुन्हा बोटीतून गळाने मासे गरवायला जायचंय. रील आणि दोरी कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पूर्वी मालवणला मामांच्या होडीतून गरवायचात, मध्ये पंधरा वर्षं सगळं सुटलं, आणि आता कोल्हापुरातून अधूनमधून पुन्हा समुद्रावर जायचं ठरवलंय. घरात जुनं आडवं ड्रमचं रील आहे आणि दुकानात गेल्यावर नवीन रीलांचे आकडे बघून काहीच उमगेना. मीही कोल्हापूरचाच, गगनबावड्याचा घाट उतरून मालवण-देवगडला जाणारा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोरी ठरवा, मग तिला साजेसं रील घ्या. बहुतेक जण उलटं करतात. रील भारी घेतात आणि दुकानदार देईल ती दोरी भरून आणतात. पण या पंधरा वर्षांत तुमच्यासाठी सगळ्यात जास्त बदललं आहे ते दोरीचंच.

तुमच्या वेळी आपण अर्ध्या मिलिमीटरची तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, वापरायचो. ती साधारण बारा-तेरा किलो ताण घेते. आज तेवढाच, किंबहुना जास्त ताण घेणारी चांगली ब्रेडेड लाईन (बारीक पदर विणून केलेली दोरी) पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक मिळते. म्हणजे रीलच्या ज्या स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चकरीवर) शंभर मीटर तंगूस मावायची, तिथे ही चारशेच्या आसपास बसते. बोटीवर याचा खरा फायदा वेगळाच आहे. दहा-बारा वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात ओढ असली की जाड तंगूस धनुष्यासारखी वाकते, शिसं वाढवत जावं लागतं, आणि मासा लागलाय का नुसती पाण्याची ओढ आहे हेच कळत नाही. बारीक ब्रेडेडला पाण्याचा रेटा कमी लागतो आणि ती जवळजवळ ताणलीही जात नाही. निम्म्या शिशात तळ लागतो आणि गोब्रा माशाने आमिषाला नुसतं तोंड लावलं तरी बोटाला कळतं.

पण तिची खोडही समजून घ्या. खडकाला घासली की ती तंगूसपेक्षा लवकर तुटते, आणि ती ताणलीच जात नसल्यामुळे सुरमईने पहिला झटका दिला की गळ तोंड फाडून निघून येतो. म्हणून ब्रेडेडच्या पुढे दोन-तीन मीटर जाड नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर (दोरी आणि गळ यांच्यामधला तुकडा) हवाच, चाळीस ते साठ पौंड ताण घेणारा. फ्लुरोकार्बन घासायला चिवट असतो आणि पाण्यात बुडतो, त्यामुळे खडकावर तांबोशी-गोब्र्यासाठी मी तोच लावतो. सुरमईसाठी गळाजवळ वीतभर तार लागतेच, तिच्या दातांपुढे दुसरं काही टिकत नाही.

विकत घेताना पाकिटावरच्या पौंडांवर जाऊ नका. स्वस्त दोऱ्यांवर वाटेल तो आकडा छापलेला असतो. पीई नंबर बघा, तो जाडीशी बांधलेला आहे. हलक्या कामाला पीई २, सुरमई आणि मोठ्या कोकर माशाच्या मागे जायचं असेल तर पीई ३. लांबी तीनशे मीटर. आठ पदरी दोरी गुळगुळीत असते आणि लांब फेकायला बरी पडते. नुसतं बोटीतून खाली सोडायचं असेल तर चार पदरी चालते, खडकाला ती थोडी जास्त सोसते.

आता रील. पीई २ तीनशे मीटरसाठी ५००० साईझचं स्पिनिंग रील, पीई ३ साठी ८०००. मात्र हे आकडे शिमानो-दाइवा या कंपन्यांच्या पद्धतीचे आहेत. पेन (Penn) कंपनीचं ६००० हातात घेतलं तर ते अंगाने शिमानोच्या ८००० च्या जवळ जातं. त्यामुळे नावाचा आकडा सोडा आणि स्पूलवर किती दोरी मावते ते वाचा. एकच घेणार असाल तर मी ८००० म्हणेन, कारण होडीतून काय लागेल ते आपल्या हातात नसतं.

पैसे घालायचे ते ड्रॅगवर (मासा जोरात ओढला की दोरी हळूहळू सुटू देणारा रीलचा ब्रेक) आणि खारं पाणी आत न शिरण्याच्या बंदोबस्तावर. बेअरिंग किती आहेत यावर नाही. दुकानात ड्रॅग अर्धा आवळा आणि दोरी हाताने सावकाश ओढा. ती अडखळत, झटक्याने सुटत असेल तर ते रील परत ठेवा, नाव कितीही मोठं असो. पंधरा किलो ड्रॅग अशी जाहिरात असते, पण हलत्या होडीत उभं राहून तेवढा ताण कुणी धरू शकत नाही. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका ड्रॅग लावायचा. घरी रॉडला दोरी ओवून टोकाला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवा आणि पीई २ ला साधारण चार किलोवर दोरी सुटू लागेल असं आवळा. जुन्या तंगूसच्या अंदाजाने हाताने आवळाल तर हमखास जास्त होईल.

भरताना तळाला थोडी तंगूस घाला, नाहीतर ब्रेडेड स्पूलवर गोल फिरत राहते. ओल्या फडक्यात धरून घट्ट भरा आणि काठापासून दोन-तीन मिलिमीटर मोकळं सोडा. बेल (स्पूलवर दोरी वळवणारी तारेची कडी) हाताने बंद करायची सवय लावा, गुंते निम्मे कमी होतील. आणि गळ खडकात अडकला तर ब्रेडेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, बोट कापलं जातं. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून ओढा. लीडर जोडायची एफजी गाठ घरीच पक्की करून जा. हलत्या होडीत ती नव्याने शिकता येत नाही. तोवर डबल युनी गाठ चालेल, फक्त ब्रेडेडच्या बाजूला आठ वेढे द्या.

जुनं रील टाकू नका. त्यातली तंगूस मात्र काढून टाका, इतक्या वर्षांत ती ठिसूळ झालेली असणार. उघडून वाळलेलं ग्रीस साफ करा, ड्रॅगच्या चकत्या बदला. बेअरिंग खरखरत असेल तर नमुना घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा, मापाचं मिळून जाईल. होडीमागे आमिष ओढत सुरमईसाठी फिरायला ड्रमच्या रीलासारखं रील नाही, आणि तिथे तंगूसचं ताणलं जाणं उपयोगीच पडतं.

रील धुवायचं ते मालवणातच. चार-पाच तासांचा प्रवास करून, घाट चढून घरी येईपर्यंत मीठ आत वाळून बसलेलं असतं. ड्रॅग आवळून विहिरीच्या पाण्याचा हलका शिडकावा करा, बादलीत बुडवू नका. पुसून झाल्यावर ड्रॅग सैल सोडा.

मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे किल्ल्याच्या आसपास गरवण्याआधी होडीवाल्याला हद्द विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि ऑगस्टमध्येही समुद्र बऱ्याचदा खवळलेला असतो. लहान होडीतून जाणार असाल तर ऑक्टोबरपासून पुढे जा.