वाचकांचे प्रश्न : फिनएअरचा लांबलेला रस्ता

प्रश्न : फिनलंडच्या फिनएअर कंपनीच्या हेलसिंकी-टोकियो विमानाला पूर्वी साडेनऊ तास लागत, आता १३ लागतात. रशियावरून उडायला बंदी आहे हे ठाऊक आहे; पण साडेतीन तासांनी एवढं काय बिघडतं? (पुणे)

उत्तर : इंधन जास्त जळतं, हा त्यातला छोटा भाग. खरी मोडतोड झाली ती वेळापत्रकाची. जायला साडेनऊ, यायला साडेनऊ, मध्ये साफसफाई, इंधन, सामान. तरी विमान २४ तासांच्या आत हेलसिंकीला परत. म्हणजे एका विमानात रोजची एक फेरी चालायची. युरोपच्या ईशान्य कोपऱ्यात असण्याचा हा फायदा, आणि फिनएअरचा आशियाचा सगळा धंदा त्यावरच उभा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं आकाश मिटलं आणि नुसत्या उड्डाणाचेच २६ तास झाले. आता रोजची फेरी एका विमानात बसत नाही. वैमानिकही तीनऐवजी चार लागतात.

काही मार्ग बंद पडले, मोठी विमानं बिनकामाची उभी राहिली. मग कंपनीने दोन एअरबस ए-३३० विमानं क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीला भाड्याने दिली. ती सिडनीहून सिंगापूर-बँकॉकला जाऊ लागली. युरोपातल्या राष्ट्रीय कंपनीने ऑस्ट्रेलियाची वाहतूक करावी हे विचित्र वाटेल, पण जमिनीवर उभ्या विमानाचा हप्ता थांबत नाही.

प्रश्न : मग ही विमानं उत्तर ध्रुवावरून जातात का? एवढ्या थंडीत इंधन गोठत नाही? (नाशिक)

उत्तर : दोन वाटा आहेत. एक उत्तरेची : नॉर्वे, ध्रुव, अलास्काची बाजू, मग पॅसिफिक. दुसरी दक्षिणेची : तुर्कस्तान, कॅस्पियन, मध्य आशिया, चीन, कोरिया. त्या त्या दिवशीचा वारा बघून वाट ठरते. टोकियोकडे जाताना वरचा पश्चिमी वारा पाठीशी असतो, म्हणून दक्षिणेची वाट सोयीची; परतताना तोच वारा तोंडावर येतो, म्हणून ध्रुवाकडून.

इंधनाची काळजी रास्त आहे. जेट ए-१ चा गोठणबिंदू उणे ४७ अंश. टाकीतलं तापमान त्याच्या किमान तीन अंश वर राखायचं, म्हणजे उणे ४४. बाहेरची हवा याहून बरीच थंड असू शकते. पंखांतलं इंधन तासन्‌तास हळूहळू निवत जातं, आधी मेणासारखे कण धरतात आणि पुरवठा अडू शकतो. उपाय दोन : वेग थोडा वाढवायचा, म्हणजे हवेच्या माऱ्याने पंख जरा तापतात, नाहीतर उंची बदलायची. मात्र खाली उतरलं की हवा उबदार मिळतेच असं नाही. ध्रुवाजवळ हिवाळ्यात कधी वरचाच थर कमी थंड असतो, म्हणून तापमानाचा नकाशा निघण्याआधीच बघावा लागतो.

चुंबकी होकायंत्र तिथे निरुपयोगी, म्हणून खऱ्या उत्तरेच्या हिशेबाने दिशा धरतात. विषुववृत्तावरचे संपर्काचे स्थिर उपग्रह साधारण ८२ अक्षांशांपलीकडे नीट दिसत नाहीत. तिथे एचएफ (लांब पल्ल्याचा) रेडिओ लागतो, आणि सूर्यावर वादळ असेल तर तोही दगा देतो. या मार्गावरच्या एअरबस ए-३५० विमानाला दोनच इंजिनं, त्यामुळे एक बंद पडलं तर दुसऱ्यावर ३०० मिनिटांत विमानतळ गाठता येईल अशी आखणी करावी लागते. आडवळणी ठिकाणी उतरायची वेळ आली तर, म्हणून थंडीचे पोशाखही विमानात असतात.

कंपनीला ही वाट नवी नाही. १९८३ साली सोव्हिएत आकाश टाळून तिने डीसी-१० विमानाने हेलसिंकी-टोकियो विनाथांबा सुरू केलं, तेही ध्रुवावरूनच. त्या काळी इतर युरोपीय कंपन्या ध्रुवाच्या वाटेने अलास्कातल्या अँकरेजला इंधनासाठी थांबायच्या. डीसी-१० मध्ये जादा टाक्या बसवल्या होत्या. इंजिनं तीन, त्यामुळे दोन इंजिनांचे नियम त्या विमानाला लागू नव्हते.

प्रश्न : कंपनीचं पहिलं विमान पाण्यावर उतरणारं होतं म्हणतात. का? (ठाणे)

उत्तर : कारण धावपट्टीच नव्हती. १९२३ साली ब्रूनो लुकांडर यांनी ‘एरो’ नावाने ही कंपनी काढली. २० मार्च १९२४ ला तिचं युंकर्स एफ-१३ विमान टपाल घेऊन हेलसिंकीहून एस्टोनियातल्या टालिनला गेलं. चार प्रवासी मावतील एवढंच विमान. उन्हाळ्यात फ्लोट (तरंगते पाय) लावून पाण्यावर, हिवाळ्यात स्की लावून बर्फावर. अडचण मधल्या आठवड्यांची : बर्फ पातळ झालेला, पण पाणीही मोकळं नाही, तेव्हा दोन्ही निरुपयोगी. १९३६ मध्ये हेलसिंकीजवळ माल्मीचा विमानतळ वापरात आला आणि विमानांना चाकं लागली.