वडिलांना विस्मरणाचा त्रास आहे. त्यांच्यासाठी जीपीएस घड्याळ घ्यावे की खिशात ठेवायचा टॅग पुरेल?

तुम्ही लिहिले आहे की वडिलांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे, तरीही ते रोज एकटे फिरायला जातात, अलीकडे दोनदा परतीची वाट चुकले, आणि आता ते कुठे आहेत हे "उपग्रहावरून सतत दिसत राहील" असे काहीतरी त्यांच्याजवळ असावे असे तुम्हाला वाटते. त्यासाठी खिशात मावणारा टॅग पुरेल की सिमकार्ड घालायचे घड्याळ घ्यावे, हा तुमचा प्रश्न आहे. स्थाननिश्चितीची उपकरणे तपासण्याचे काम मी काही वर्षे केले आणि पुढे स्वतःच्या आईसाठी हीच निवड करण्याची वेळ माझ्यावर आली, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. माझे उत्तर आधीच सांगते: घड्याळ घ्या, टॅगवर विसंबू नका, आणि घड्याळ घेतानाही त्यात किती उपग्रह-प्रणाली चालतात यापेक्षा ते आपला ठावठिकाणा तुमच्यापर्यंत कसा आणि किती वेळाने पोहोचवते हे पाहा.

यामागचे कारण कळण्यासाठी एक समजूत दूर करावी लागेल. उपग्रहाला तुमचे वडील दिसत नाहीत, आणि त्यांच्या मनगटावर घड्याळ आहे हेही त्याला ठाऊक नसते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून स्वतःची वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात. आपल्या हातातील उपकरणांकडून ते काहीही ऐकत नाहीत. संदेश किती उशिराने पोहोचला यावरून खालचा रिसीव्हर प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढतो. खरे तर तीन अंतरांवरून जागा ठरायला हवी, पण रिसीव्हरमधील साधे घड्याळ उपग्रहांवरील आण्विक घड्याळांइतके अचूक नसते, म्हणून वेळेतील फरक शोधण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तर अंतरात सुमारे ३०० मीटरची चूक होते, इतका हा हिशेब नाजूक आहे. एवढे सगळे करून रिसीव्हरला मिळतात ते स्वतःचे अक्षांश-रेखांश, आणि ते त्याच्यापाशीच राहतात. तुमच्यापर्यंत ते पोहोचवणे हे पूर्णपणे वेगळे काम आहे. त्यासाठी वेगळा ट्रान्समीटर, वेगळे जाळे आणि बॅटरीचा मोठा वाटा लागतो. बाजारातील नव्या उपकरणांमधला खरा फरक या दुसऱ्या कामात आहे.

टॅगांचेच पाहा. ॲपलचा एअरटॅग आणि सॅमसंगचा स्मार्टटॅग २०२१ साली आले, आणि गुगलने अँड्रॉइड फोनांचे तसेच जाळे २०२४ साली सुरू केले. या टॅगांमध्ये जीपीएस रिसीव्हर नसतोच. टॅग ब्लूटूथवरून आपली सतत बदलणारी सांकेतिक ओळख उच्चारत राहतो. जवळून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाचा फोन ती ऐकतो, तिला स्वतःची जागा जोडून कूटबद्ध स्वरूपात पुढे पाठवतो, आणि मग तुमच्या ॲपमध्ये ठिपका उमटतो. म्हणजे तुम्हाला दिसते ती टॅगजवळून गेलेल्या फोनची जागा आणि त्या फोनाची वेळ. ही योजना मला मनापासून आवडते, कारण तिच्यामुळे एका बटन सेलवर टॅग वर्षभर चालतो, आणि किल्ल्या, बॅग, छत्री यांसाठी त्याहून चांगले काही मला माहीत नाही. पण वाट चुकलेला माणूस गर्दीतच असेल याची खात्री नसते. तो एखाद्या शांत रस्त्यावर चालत असेल आणि अर्धा तास तिथून कोणाचाच फोन गेला नाही, तर तो अर्धा तास तुमच्यासाठी कोरा राहील.

टॅगाची दुसरी अडचण याहून कमी लोकांना ठाऊक असते. कोणी दुसऱ्याच्या सामानात चोरून टॅग टाकून त्याचा पाठलाग करू नये म्हणून ॲपल आणि गुगल यांनी २०२३ साली एकत्र मसुदा मांडला आणि २०२४ सालापासून दोन्हीकडच्या फोनांवर "एक अनोळखी टॅग तुमच्याबरोबर फिरतो आहे" अशी सूचना येऊ लागली. मालकापासून बराच काळ दूर राहिलेला एअरटॅग हलवला की आवाजही करतो. ही व्यवस्था अत्यंत आवश्यक आहे आणि ती निकामी करण्याच्या युक्त्या शोधू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मात्र तुमच्या नावाचा टॅग वडिलांच्या खिशात असेल, तर ही व्यवस्था त्यांनाही तोच पाठलागाचा बळी समजेल. त्यांच्या फोनवर भीतिदायक सूचना येईल किंवा खिशातून अचानक आवाज येऊन ते गोंधळतील. ॲपलने टॅग वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी किंवा पाळीव प्राण्यांसाठी नाही, असे सांगितलेले आहे, आणि मला ते योग्य वाटते.

घड्याळात रिसीव्हर आणि मोबाइलचे सिमकार्ड दोन्ही असतात, त्यामुळे जागा मोजणे आणि कळवणे ही दोन्ही कामे ते स्वतः करते. उघड्या आकाशाखाली साध्या फोनमधील जीपीएसची चूक साधारण ५ मीटरच्या आत असते, आणि माणूस शोधायला तेवढी अचूकता भरपूर झाली. तरीही दोन उंच इमारतींमधल्या अरुंद गल्लीत ठिपका पलीकडच्या रस्त्यावर उडी मारतो, कारण भिंतीवरून परावर्तित होऊन आलेला संदेश लांबून आल्यासारखा भासतो. यावर अलीकडच्या वर्षांतला खरा उपाय म्हणजे दोन वारंवारता ऐकणारे रिसीव्हर. ग्राहकांच्या फोनमध्ये ते प्रथम २०१८ साली शाओमीच्या मी ८ या फोनमध्ये आले, आणि आता मनगटी घड्याळांतही मिळतात. जीपीएसचा जुना नागरी संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि नवा ११७६.४५ मेगाहर्ट्झवर. आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येताना दोन्हींना होणारा उशीर वेगवेगळा असतो, त्या फरकावरून तो उशीर हिशेबातून काढून टाकता येतो. शिवाय नव्या संदेशातील सांकेतिक ठोके दहापट जलद असल्यामुळे सरळ आलेला संदेश आणि भिंतीवर आपटून आलेला संदेश वेगळे ओळखणे सोपे जाते. खोक्यावर जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बेइदोउ, नाविक अशी वेगवेगळ्या उपग्रह-प्रणालींच्या नावांची रांग असते, तिचा अर्थ एवढाच की आकाशाचा अरुंद तुकडा दिसत असतानाही त्यात चार उपग्रह सापडण्याची शक्यता वाढते. दाट वस्तीत राहत असाल तर दोन वारंवारतांना महत्त्व द्या. मोकळ्या वस्तीत त्याची गरज नाही.

घरात किंवा दुकानात शिरल्यावर मात्र उपग्रहांचा क्षीण संदेश छतातून पुरेसा पोहोचत नाही. तेव्हा घड्याळ आसपासच्या वाय-फायची यादी सर्व्हरकडे पाठवून अंदाज मिळवते, आणि तेही नसेल तर मोबाइल टॉवरवरून, ज्यात चूक शेकडो मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत जाते. चांगले ॲप हा फरक ठिपक्याभोवतीच्या लहान-मोठ्या वर्तुळाने दाखवते. ते वर्तुळ लपवणारे आणि नेहमी एकच ठाम ठिपका दाखवणारे ॲप मी कोणालाही सुचवणार नाही. इमारत बहुमजली असेल तर हेही लक्षात असू द्या की माणूस कोणत्या मजल्यावर आहे हे या ठिपक्यावरून कळत नाही.

आईच्या बाबतीत माझी चूक ठिपक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्यात झाली. बॅटरी जास्त टिकावी म्हणून मी घड्याळाला दर तासाला एकदाच जागा कळवण्याची सेटिंग दिली होती. एका संध्याकाळी ती दार उघडून बाहेर गेली, आणि मी ॲप उघडले तेव्हा ठिपका घरातच होता. मी तिला आतल्या खोल्यांमध्ये शोधत राहिले, मग शेजाऱ्यांकडे गेले; ठिपक्याखाली लहान अक्षरांत लिहिलेली वेळ चाळीस मिनिटांपूर्वीची आहे हे फार उशिरा माझ्या लक्षात आले. ती दोन गल्ल्या पलीकडे एका बाकावर बसलेली सापडली, सुखरूप होती, पण त्या चाळीस मिनिटांची आठवण अजून माझ्या छातीत धडधड निर्माण करते. तेव्हापासून मी ॲप उघडले की आधी वेळ वाचते आणि मग नकाशा पाहते. तुम्हीही घड्याळ असे निवडा ज्यात "आत्ताची जागा कळव" असा आदेश हवा तेव्हा देता येतो, आणि ज्यात घराभोवती आखलेली सीमा ओलांडताच घड्याळ स्वतःहून जागे होते. ही सीमा फार लहान ठेवू नका. ५० मीटरची ठेवली तर रिसीव्हरच्या किरकोळ चुकांमुळे दिवसभर खोट्या सूचना येतील आणि आठवड्याभरात तुम्ही त्यांकडे दुर्लक्ष करू लागाल.

चार्जिंगचा प्रश्न कोणी आधी सांगत नाही. सारखी जागा कळवणारे घड्याळ एक-दोन दिवसांत रिकामे होते, आणि ज्याला विस्मरण आहे त्याच्यावर ते चार्ज करण्याची जबाबदारी टाकता येत नाही. आमच्याकडे आई आंघोळीला गेली की घड्याळ चार्जरवर लागते आणि ती बाहेर आली की मीच ते पुन्हा तिच्या हाताला बांधते. ही वेळ ठरल्यावर घड्याळ घालण्याबद्दलची तिची कुरकुरही थांबली. बुटाच्या तळव्यात बसणारी साधनेही मिळतात, परंतु पायाखाली अँटेनाला आकाश फार कमी दिसते, आणि माणूस चपला घालून बाहेर पडला तर सगळेच व्यर्थ. घड्याळ कोणत्या मोबाइल जाळ्यावर चालते हेही विचारून घ्या, कारण अनेक देशांत जुनी टूजी आणि थ्रीजी जाळी बंद झाली आहेत किंवा होत आहेत, आणि केवळ त्यांवर चालणारे घड्याळ त्या दिवशी मुके होते.

सुरक्षेबद्दल मी विशेष आग्रही आहे. लहान मुलांसाठीच्या अशा घड्याळांमध्ये अनोळखी व्यक्तीला ठावठिकाणा पाहता येईल इतके गंभीर दोष असल्याचे नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने ऑक्टोबर २०१७ मध्ये दाखवून दिले, आणि पुढच्याच महिन्यात जर्मनीच्या नियामक संस्थेने गुपचूप ऐकण्याची सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली. वृद्धांच्या घड्याळांतही तीच ठावठिकाणा कळवणारी यंत्रणा असते. नाव काढून टाकले की माहिती निनावी झाली, हा दावाही मानू नका: सुमारे १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जागा आणि वेळ यांचे केवळ चार बिंदू ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळे ओळखायला पुरले. म्हणून निर्मात्याकडून सुरक्षा-दुरुस्त्या नियमित येतात का, जुन्या नोंदी आपल्याला कायमच्या पुसता येतात का आणि खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावता येते का, हे विकत घेण्यापूर्वी तपासा.

थेट उपग्रहाकडे संदेश पाठवणारी उपकरणेही आहेत, ती इरिडियमसारख्या वेगळ्या उपग्रहांशी बोलतात आणि मोबाइल जाळे नसलेल्या डोंगरदऱ्यांत, समुद्रात प्राण वाचवतात. वस्तीत फिरणाऱ्या वडिलांसाठी त्यांची गरज नाही.

वडिलांना हे सांगायचे की नाही, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी मी सांगते की सांगा, आणि आत्ताच सांगा, कारण अजून ते समजून घेऊन होकार किंवा नकार देऊ शकतात. घड्याळ आणल्यावर त्यांच्या नेहमीच्या वाटेवर त्यांच्याबरोबर दोन-तीनदा चाला, घड्याळ त्यांच्याच मनगटावर असू द्या, आणि घरी थांबलेल्या कोणाला तरी ठरावीक ठिकाणी ठिपका कुठे आणि किती मिनिटे उशिरा दिसतो ते कागदावर लिहायला सांगा. ज्या वळणावर ठिपका अडकतो ते वळण नोंदवून ठेवा, कारण पुढे कधी शोधायची वेळ आली तर पहिली फेरी तिथेच मारावी लागेल.