५,००० रुपयांत पहिलं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान: पैसे कशात घालायचे आणि कशात नाही

तुझा प्रश्न वाचला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, सांगलीजवळ राहतोस, हातात ५,००० रुपये आहेत. घरातल्या खेळण्यातल्या गाडीचा रिमोट काढून त्यावर एलेरॉनवालं (म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला हलत्या पट्ट्या असलेलं), सेस्ना या छोट्या विमानासारखं दिसणारं विमान उडवायचं आहे, आणि प्लायवूड घेऊ की थर्माकोल हे ठरत नाहीये. वयाने बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो.

आधी रिमोटचं बोलू, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलंय. गाडीच्या रिमोटचा नाद सोड. त्याला फक्त डावीकडे, उजवीकडे, चालू, बंद एवढंच कळतं. विमानाला स्टिक जेवढी हलेल तेवढाच सर्व्हो, म्हणजे पट्ट्या हलवणारी छोटी मोटर, हलायला लागतो. अर्धा मिलिमीटर एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली हलणारी पट्टी) हवा असताना पूर्ण एलिव्हेटर लागला तर विमान तिथल्या तिथे उलटतं. शिवाय त्या रिमोटची रेंज अंगणापुरती असते. २.४ गिगाहर्ट्झचा खरा ट्रान्समीटर घे. आपल्याकडे बहुतेक नवशिके फ्लायस्कायचा एफएस-आय६ घेतात, विमानात बसणाऱ्या रिसीव्हरसकट साधारण साडेचार-पाच हजारांना. म्हणजे तुझं सगळं बजेट त्यातच गेलं, हे मला कळतंय. तरीही तोच घे. विमान मोडतं, ट्रान्समीटर हातात राहतो. पुढची दहा विमानं त्याच्यावरच उडतील.

बाकीचा हिशेब ढोबळ सांगतो. ए२२१२ ही १००० केव्हीची (केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे) ब्रशलेस मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी मिळून ८०० ते १,००० रुपये. ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो दोन-अडीचशेला. ३ सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी दीड-दोन हजारांना, सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जर पाचशेच्या आसपास. १०×४.५ इंची प्रॉप (मोटरवरचे पंखे) मात्र तीन-चार घेऊन ठेव, ते तुटणारच. सगळं मिळून आकडा आठ-नऊ हजारांवर जातो. पाच हजारांत हे बसवायला कुठेतरी खोटं काम करावं लागेल, आणि ते नेमकं हवेत उघडं पडेल. त्यापेक्षा या महिन्यात फक्त ट्रान्समीटर घे, केबलने संगणकाला जोड आणि पिकासिमसारख्या फुकट सिम्युलेटरवर रोज अर्धा तास उडव. विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं होतं, ते बोटांत मुरेपर्यंत उडव. तोवर पुढच्या महिन्याचे पैसे जमतील. दोन-तीन मित्र मिळून केलंत तर आणखी सोपं.

आता प्लायवूड की थर्माकोल. धडाच्या नाकावर मोटर बसवायला ३ मिलिमीटर प्लायचा एक तुकडा लागेल, बाकी प्लाय कुठेही नको. मी पहिलं विमान १,३०० ग्रॅमचं केलं होतं. मजबूत हवं म्हणून पंखात लाकडी पट्ट्या घातल्या, सगळीकडे ग्लू गन चालवली. त्याच मापाचे पंख मी पुढच्या वर्षी ७५० ग्रॅमच्या विमानावर वापरले तेव्हा फरक कळला. वजन पावणेदोनपट असलं की हवेत टिकायला लागणारा वेग साधारण एक तृतीयांशाने वाढतो, आणि आपटतानाची ऊर्जा तिप्पट होते. म्हणजे मोडू नये म्हणून घातलेल्या लाकडानेच माझं विमान मोडत होतं. हलकं विमान हळू उडतं, विचार करायला वेळ देतं आणि पडलं तरी टेपने जुळतं.

म्हणून फोम. पॅकिंगमधला मोठ्या मण्यांचा थर्माकोल नको, तो वाकला की तुटतो. ५ मिलिमीटरची गुळगुळीत, घट्ट फोम शीट घे. दुकानात सनबोर्ड मागितलास तर कधी पीव्हीसीचा जड बोर्ड हातात पडतो. उचलून बघ, जड लागला तर परत कर. फेविक्विक थर्माकोलला लावू नकोस, ते त्याला खातं. फेविबॉन्डसारखी उग्र वासाची चिकटवणंही तेच करतात. फेविकॉल चालतो, पण दोन फोमच्या मध्ये वाळायला रात्र जाते. ग्लू गन फक्त ठिपक्यांपुरती.

मापं अशी धर. पंख १२० सेंटिमीटर लांब, २० रुंद. विमान ८०० ग्रॅमच्या आत ठेवलंस तर दर चौरस डेसिमीटरवर ३३ ग्रॅम पडतात, शिकायला छान. धड ९० सेंटिमीटर. आडवी शेपटी ४० बाय १२. एलेरॉन पहिल्या विमानाला ठेवूच नकोस. रडर (उभ्या शेपटीची डावी-उजवी हलणारी पट्टी), एलिव्हेटर, थ्रॉटल (मोटरचा वेग) एवढंच, आणि पंखाची दोन्ही टोकं मध्यापेक्षा साधारण ६ सेंटिमीटर वर उचल. त्या उचलीमुळे रडर दिला की विमान आपोआप कलून वळतं आणि स्टिक सोडली की बऱ्यापैकी सरळ होतं. दोन सर्व्होही वाचतात. सेस्नाचा चेहरा नंतर रंगीत टेपने दे, मला त्यात काही हरकत नाही.

पंखाच्या पोटात बांबूची पट्टी आणि वरून-खालून पॅकिंग टेप, एवढ्याने पंख ताठ होतो. सर्व्होपासून शेपटीपर्यंत ओढायला सायकलची स्पोक किंवा छत्रीची काडी. ती काडी अडकवायचा पट्टीवरचा छोटा हात, म्हणजे हॉर्न, जुन्या एटीएम कार्डातून कापायचा. बिजागरी म्हणजे फोमच्या कडा ४५ अंशांत तासून लावलेली टेप. चाकं नकोत, गवतावर पोटावर उतरवायचं.

शेपटीकडे हात आखडता घे. शेपटी गुरुत्वमध्यापासून नाकाच्या दुप्पट-तिप्पट लांब असते, त्यामुळे तिथे १० ग्रॅम गोंद जास्त झाला की तोल सांभाळायला नाकात २०-३० ग्रॅम घालावे लागतात. गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी, पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर यायला हवा. बॅटरी बसवून दोन बोटांवर उचल. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. शेपूट झुकली तर बॅटरी पुढे सरकव. ते केल्याशिवाय फेकू नकोस. नाकजड विमान वाईट उडतं, शेपूटजड विमान एकदाच उडतं.

लिपोबद्दल थोडं कडक बोलतो. पूर्ण भरल्यावर सेलला ४.२ व्होल्ट असतात, ३.५ च्या खाली उतरवू नकोस, ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर ठेव. ट्रान्समीटरवर आठ मिनिटांचा टायमर लाव. चार्ज करताना खोली सोडायची नाही, बॅटरी फरशीवर, गादीवर कधीच नाही. एकदा मी बॅटरी मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरलो, संध्याकाळी ती उशीसारखी फुगली होती. आणि घरात मोटर तपासायची ती प्रॉप काढूनच. उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल कर.

जागा. तुमच्याकडे ऊस आहे, द्राक्षबागांच्या तारा आहेत, दोन्हींपासून लांब जा. उसात पडलेलं विमान दहा फुटांवर असूनही दिसत नाही. पडलंच तर थ्रॉटल शून्यावर ठेवून दुसरी स्टिक हलवत राहा आणि सर्व्होचा आवाज ऐक. हरभरा निघालेलं रान किंवा मोकळा माळ, सकाळी साडेसहा ते आठ, वारा उठायच्या आत. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली मॉडेल विमानंही येतात, तेव्हा ती जागा सरकारी नकाशावर हिरव्या क्षेत्रात आहे का बघ. तिथे ४०० फुटांपर्यंत उडायला परवानगी लागत नाही. नोंदणीची तरतूदही त्याच नियमांत वाचून घे.

फेकण्याआधी विमानाच्या मागे उभा राहा. स्टिक उजवीकडे, रडर उजवीकडे. स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर. मोठ्याने बोलून तपास. माझं एक चांगलं विमान रडर उलटा जोडलेला असताना मी फेकलं होतं, चार सेकंदांत संपलं.

विमान जोडून झालं की बॅटरीसकट वजन किती भरलं आणि सीजी कुठे आला ते इथे लिही, फोटोही टाक. ८५० च्या वर गेलं असेल तर फेकू नकोस, कुठून उतरवायचं ते आपण बघू.