चित्र नेटवर टाकलं म्हणजे सगळ्यांचं झालं का?

चित्रकारांच्या हक्कांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. माझी बाजू आधीच सांगते. चित्र विकावं, जपून ठेवावं की वाटून टाकावं, हे ज्याने ते काढलं त्याने ठरवायचं. फुकट वाटणाऱ्या चित्रकारांबद्दल मला मनापासून आदर आहे. परस्पर उचलणाऱ्यांबद्दल तो नाही.

मी काढलेलं बालगणेशाचं चित्र इन्स्टाग्रामवर टाकलं होतं. आमच्याच भागातल्या एका मंडळाने ते आगमनाच्या फ्लेक्सवर छापलं आणि खालची सही कापली. विचारायला गेले तर कार्यकर्ते म्हणाले, "ताई, बाप्पाच्या चित्रावर कसला हक्क सांगता? आणि नेटवरच तर होतं." मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

बाप्पा सगळ्यांचाच आहे. पण तुम्ही दिलेला सोंडेचा बाक, निवडलेले रंग, चेहऱ्यावर आणलेला भाव हे तुमचं काम आहे आणि कायदा त्यालाच संरक्षण देतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढून झालं की हक्क आपोआप तुमचा होतो. त्यासाठी © हे चिन्ह लागत नाही की नोंदणी लागत नाही. नोंदणी केलीत तर कोर्टात पुरावा म्हणून उपयोग होतो. चित्रासाठी त्याचं शुल्क ५०० रुपये आहे.

"नेटवरच तर होतं" या युक्तिवादात काही दम नाही. इन्स्टाग्रामवर चित्र टाकताना तुम्ही त्या कंपनीला ते दाखवण्याची परवानगी देता, मालकी तुमच्याकडेच राहते. त्या परवानगीतून मंडळाला काहीही मिळत नाही.

सही कापणं हा वेगळा आणि माझ्या मते जास्त गंभीर प्रकार आहे. कायद्याचं कलम ५७ सांगतं की "हे मी केलं आहे" असं म्हणण्याचा हक्क कलावंताकडे कायम राहतो, अगदी कॉपीराइट विकून टाकल्यावरही.

आता करायचं काय? फ्लेक्सचे फोटो काढा, तुमच्या पोस्टची लिंक आणि लेअर असलेली मूळ फाइल जपून ठेवा. मग एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन मंडळाच्या अध्यक्षांना भेटा. पहिल्याच भेटीत वकिलाची भाषा नको. त्यांना एवढंच विचारा: मांडववाल्याला पैसे दिले, ढोल-ताशा पथकाला दिले, फ्लेक्सवाल्याला चौरस फुटाच्या दराने दिले, मग ज्या चित्रामुळे तो फ्लेक्स उभा आहे, ते काढणारीच तेवढी का वगळली? फ्लेक्सवर नाव, मंडळाच्या पेजवर श्रेय देणारी पोस्ट आणि चित्राचं मानधन, या तीन गोष्टी मागा. बरीच मंडळं या टप्प्यावर ऐकतात, कारण चूक त्यांच्या ध्यानातच आलेली नसते. नाहीच ऐकलं, तर त्यांच्या ऑनलाइन पोस्टविरुद्ध कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा आणि मग नोटिशीचा विचार करा.

पुढच्या वेळी सही कोपऱ्यात करू नका. उंदराच्या पाठीवर, पाटाच्या कडेवर, जिथे कापली तर चित्रच बिघडेल अशा जागी करा. आणि छपाईच्या आकाराची फाइल कधीही नेटवर टाकू नका.

जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं स्कॅन करून मी समाजमाध्यमांवर टाकतो. लोकांना फार आवडतात. यात काही चूक आहे का?
— एक संग्राहक, पुणे

तुमच्यासारख्यांमुळे ही चित्रं नव्या डोळ्यांसमोर येतात, म्हणून उत्तर जपून देते. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क चालतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले. त्यांच्या छापखान्यातून, आधी मुंबईतून आणि मग मळवलीहून, निघालेली त्यांची देवादिकांची चित्रं कधीच मुक्त झाली आहेत. म. वि. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रं २००५ पासून मुक्त आहेत.

पण 'दीपावली' या दिवाळी अंकाचे दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले, त्यांचा २०३६ अखेरपर्यंत. चित्रकाराचं नाव कुठेच नसेल, तर प्रसिद्धीपासून ६० वर्षं मोजतात.

समीक्षेसाठी किंवा परिचयासाठी केलेल्या उचित वापराला कायदा मोकळीक देतो. तेव्हा नुसता स्कॅन टाकू नका. चित्राबद्दल चार ओळी लिहा: अंक कुठला, साल कोणतं, चित्रकार कोण, रंगसंगतीत काय पाहण्यासारखं आहे. त्याने तुमची बाजू भक्कम होते आणि वाचकालाही काही मिळतं. त्याच स्कॅनचे पोस्टर छापून विकणं मात्र साफ चूक. तिथे वारसांची परवानगी घ्यायलाच हवी.

एका प्रकाशकासाठी रंगीत मुखपृष्ठ केलं. मानधन मिळालं, लेखी काही झालं नाही. आता तेच चित्र मगवर आणि कापडी पिशव्यांवर विकायला आलंय. मला वाटा मागता येईल?
— एक चित्रकार, ठाणे

माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कलम १७ म्हणतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र केलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. आपल्याकडे बहुतेक चित्रकारांना हे ठाऊकच नसतं. "मी काढलं म्हणजे माझंच" अशी समजूत धरून आयुष्यभर कामं करत राहतात. तुमचं मुखपृष्ठ 'रंगचित्र' या शब्दात बसतं का, यावर वकील वाद घालू शकेल, पण पाया कच्चा आहे.

नावाचा हक्क मात्र तुमच्याकडे आहे. मगवर तुमचं नाव नसेल तर ते मागा. चित्राची मोडतोड होऊन तुमची बदनामी होत असेल, तर तीही थांबवता येते. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं, त्यात त्याची मोडतोड झाली. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते सेहगल यांना परत करायला लावलं आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. हा निकाल प्रत्येक कला महाविद्यालयात शिकवायला हवा.

पुढच्या कामाआधी प्रकाशकाला एक ईमेल पाठवा: "हे चित्र या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी आणि पुस्तकाच्या जाहिरातीसाठी वापरता येईल. इतर कोणत्याही वापरासाठी वेगळं मानधन ठरवावं लागेल. कॉपीराइट चित्रकाराकडे राहील." त्यावर "मान्य" असं उत्तर आल्याशिवाय ब्रश उचलू नका. आणि कुणी हक्क लिहून मागितले, तर मुदत आणि प्रदेश नीट वाचा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत.

एआय माझ्या शैलीत चित्रं काढून देतं. शैलीवर हक्क सांगता येतो का?
— एक इलस्ट्रेटर, नागपूर

शैलीवर येत नाही. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती मांडण्याच्या विशिष्ट रूपावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं आहे. खरा प्रश्न वेगळा आहे: यंत्राला शिकवण्यासाठी तुमची चित्रं न विचारता वापरली, ते योग्य होतं का? जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चित्रकारांनी नेमक्या याच मुद्द्यावर दावा लावला. माझं मत पक्कं आहे की आधी विचारलंच पाहिजे. तोवर शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं 'ग्लेझ' हे मोफत साधन वापरून पाहा. ते चित्रात डोळ्यांना फारसे न जाणवणारे बदल करतं आणि त्यामुळे यंत्राला शैली उचलणं अवघड जातं.

मी चित्रकला शिक्षक आहे. मुलांसाठी रंगवायची पानं काढतो आणि व्हॉट्सॲपवर मोफत वाटतो. चित्रकार मित्र रागावतात: "तू फुकट देतोस, म्हणून गिऱ्हाईक आमच्याशी घासाघीस करतं." मी थांबावं का?
— एक शिक्षक, नाशिक

थांबू नका. मित्रांचा राग खरा आहे, पण त्याचा रोख चुकतोय. त्यांचा भाव गिऱ्हाईक पाडतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाच्या हातात एक पान आलं म्हणून कुठल्या जाहिरात संस्थेचं काम बुडत नाही. मात्र एखाद्या कंपनीने "सर, मुलांसाठीच आहे, फुकट करून द्या" म्हटलं, तर तिथे ठाम नकार द्या. मित्रांप्रती तुमची एवढी जबाबदारी आहे.

फुकट देण्यामागे जगभर पक्का विचार केलेले कलावंत आहेत. नीना पेली या अमेरिकन ॲनिमेटरने २००८ मध्ये सीतेच्या कथेवर एकटीने पूर्ण लांबीचा चित्रपट केला. त्यात जुन्या जमान्यातली इंग्रजी गाणी होती. त्यांच्या हक्कांसाठी तिला हजारो डॉलर मोजावे लागले. त्या अनुभवानंतर तिने आपला चित्रपट मुक्त केला आणि २०१३ मध्ये उरलेल्या अटीही काढून टाकल्या. नक्कल केल्याने मूळ वस्तू कुणाकडून हिरावली जात नाही, असं ती म्हणते. मी तिच्याइतकी पुढे जाणार नाही, कारण नाव पुसलं जातं तेव्हा काहीतरी नक्कीच हिरावलं जातं.

मला जवळचा वाटतो तो फ्रान्सचा डेव्हिड रेव्हॉय. २०१४ पासून त्याने 'पेपर अँड कॅरट' ही चित्रकथा नेटवर मोफत ठेवली आहे. नाव द्या आणि काहीही करा, विकलीत तरी चालेल, एवढीच अट. वाचक स्वेच्छेने पैसे देतात, त्यावर तो काम करतो. एका मोठ्या फ्रेंच प्रकाशकाने ती कथा पुस्तकरूपात छापली आणि बंधन नसताना तोही आश्रयदाता झाला. पण पुढे कुणी त्याच्या मांजरांच्या चित्रांतून एनएफटी (डिजिटल चित्राच्या मालकीची विकता येणारी ऑनलाइन नोंद) बनवून विकायला काढली, तेव्हा त्याने उघड विरोध केला. एवढं मोकळं देणाऱ्यालाही आपल्या कामाचं काय होतं याची फिकीर असते.

तुम्हीही नुसती पानं सोडू नका, परवाना लावा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने आहेत. तुमच्यासाठी 'बाय-एनसी' बरा: नाव ठेवून कुणीही वाटावं, छापावं, बदलावं, पण धंद्यासाठी नाही. फी घेणारे शिकवणी वर्ग 'धंद्यात' येतात का, यावर मतभेद होतात, म्हणून त्यांच्याबद्दल एक ओळ स्वतःच लिहा. आणि आधी नीट विचार करा, कारण एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही. एखादं पान पुढे पुस्तकात विकायचं मनात असेल, तर ते मोफत गठ्ठ्यातून आत्ताच बाजूला काढा.

तुमचं नाव, परवान्याचं नाव आणि त्याची लिंक प्रत्येक पानाच्या तळाशी टाका, फक्त पहिल्या पानावर नको. व्हॉट्सॲपवर पानं एकेक करून पुढे जातात.