मिशिगनची प्रायमरी: सह्यांचे कागद, पैसा आणि मतपत्रिकेचा रकाना

मिशिगनच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांच्या दोन टर्म संपत असल्याने त्यांना पुन्हा उभे राहता येत नाही. त्यामुळे 4 ऑगस्ट 2026 च्या प्रायमरीबद्दल (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदारांच्या निवडणुकीबद्दल) तिथल्या मराठी मंडळींनी बरेच प्रश्न पाठवले, तसेच इथल्या वाचकांनीही. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत.

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. तिकडे उमेदवार मतदारच ठरवतात, मग पक्षाचे काहीच चालत नाही का? (कोल्हापूर)

तिकडे एबी फॉर्म नसतो. गव्हर्नरपदासाठी पक्षाची परवानगी न घेता कोणीही पक्षाच्या प्रायमरीत उतरू शकतो. पक्षाचा अधिकृत उमेदवार तो प्रायमरी जिंकल्यावरच होतो. अट इतकीच की वय 30 पूर्ण हवे आणि निवडणुकीआधीची चार वर्षे मिशिगनमध्ये मतदार म्हणून नोंद हवी. जन्मतःच अमेरिकेचा नागरिक असावा ही अट राष्ट्राध्यक्षांना आहे, गव्हर्नरला नाही. 2003 ते 2011 या काळात गव्हर्नर असलेल्या जेनिफर ग्रॅनहोम यांचा जन्म कॅनडातल्या व्हँकुव्हरचा.

एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. मिशिगनमध्ये राज्यभर मतदान होणारी सगळीच पदे प्रायमरीतून ठरत नाहीत. गव्हर्नर आणि अमेरिकी सिनेटर प्रायमरीतून ठरतात. लेफ्टनंट गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि ॲटर्नी जनरल या पदांचे उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात निवडले जातात. ॲटर्नी जनरल व्हायचे असेल तर टीव्हीवर जाहिराती देऊन उपयोग नाही, अधिवेशनाला येणारे प्रतिनिधी एकेक करून आपल्या बाजूला वळवावे लागतात. पक्षाची यंत्रणा खरी चालते ती तिथे.

आणि मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते. जॉर्जिया किंवा टेक्ससमध्ये प्रायमरी जिंकायला निम्म्याहून जास्त मते लागतात. इथे सर्वाधिक मते पडली की झाले. मैदानात आठ-नऊ जण असतील तर तीस टक्क्यांच्या आतही काम होते.

मुलगा एका उमेदवाराच्या प्रचारात सह्या गोळा करतो आहे. एवढ्या सह्यांचा खटाटोप कशासाठी? आणि 2022 मध्ये काय घोटाळा झाला होता? (पुणे)

गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला नोंदणीकृत मतदारांच्या किमान 15,000 वैध सह्या लागतात आणि 30,000 पेक्षा जास्त देता येत नाहीत. त्यातही राज्यातल्या काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) निम्म्या मतदारसंघांतून प्रत्येकी किमान 100 हव्यात, म्हणजे नुसत्या डेट्रॉइटच्या बाजारात उभे राहून भागत नाही. या वेळची मुदत 21 एप्रिल 2026, दुपारी 4 पर्यंत.

मुलाला हे नक्की सांगा. प्रत्येक ओळीत सही, सुवाच्य नाव, पत्ता आणि तारीख हवी. यातली तारीख सर्वांत जास्त चुकते. सह्या घेणारा कागदाच्या तळाशी स्वतः सही करून तारीख टाकतो. ती त्याने सर्वांत शेवटी टाकायची. सकाळी निघतानाच तळाशी सही करून ठेवली आणि पुढच्या दिवशीही त्याच कागदावर लोक सह्या करत राहिले, तर दुसऱ्या दिवसाच्या सगळ्या ओळी बाद होतात. कागदाच्या माथ्यावर एका कौंटीचे (जिल्ह्याचे) नाव असते, दुसऱ्या कौंटीतल्या मतदाराची सही त्यावर घेऊ नये. मतदाराला गव्हर्नरपदाच्या एकाच उमेदवारासाठी सही करता येते. दोन उमेदवारांच्या कागदांवर एकाच तारखेला सही केली तर दोन्ही बाद. तारखा वेगळ्या असतील तर आधीची धरतात. म्हणून ‘तुम्ही आधी कोणासाठी सही केलीय का?’ हे विचारूनच पेन हातात द्यावे.

आता 2022. गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षाच्या दहा जणांनी अर्ज भरले होते, त्यातले पाच मतपत्रिकेवर पोहोचलेच नाहीत. त्यांत डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग होते, तसेच उद्योजक पेरी जॉन्सनही. क्रेग यांनी 21,305 सह्या दिल्या, त्यांतल्या 10,192 वैध ठरल्या. जॉन्सन यांच्या 23,193 पैकी 13,800 टिकल्या, म्हणजे बाराशे कमी पडल्या. पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्या 36 जणांनी वेगवेगळ्या उमेदवारांसाठी मिळून किमान 68,000 बाद सह्या दिल्याचे राज्याच्या निवडणूक विभागाला आढळले. अशा बनावट सह्यांची पद्धत ठरलेली: चार-पाच जण टेबलाभोवती बसून मतदारयादीतली नावे लिहितात आणि कागद एकमेकांकडे सरकवतात, म्हणजे अक्षर वेगवेगळे दिसते. पण यादी जुनी होती. मयत माणसांच्या सह्या निघाल्या, राज्य सोडून गेलेल्यांच्याही निघाल्या. आणखी एक खूण अधिकाऱ्यांच्या नजरेस आली: रस्त्यावर फिरलेला कागद चुरगळतो, त्याला डाग पडतात, ओळी मधेच रिकाम्या राहतात. हे कागद मात्र कोरेकरकरीत होते आणि शेवटच्या ओळीपर्यंत भरलेले.

मतपत्रिकेवर कोण येणार यावर शिक्कामोर्तब करणाऱ्या राज्याच्या चार सदस्यांच्या मंडळात दोन डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन असतात. तिथे 2-2 अशी बरोबरी झाली. मंजुरीला बहुमत लागते, त्यामुळे बरोबरीतही उमेदवारच बाद झाले. न्यायालयानेही त्यांना मतपत्रिकेवर घेतले नाही.

यातून आमचा सल्ला असा: 15,000 हव्या असतील तर 22 ते 25 हजारांचे लक्ष्य ठेवा आणि आलेले कागद रोजच्या रोज मतदारयादीशी ताडून पाहा. दर सहीमागे पैसे मोजणाऱ्या कंत्राटदारावर सगळा भार टाकणे हाच मोठा धोका. त्याचे बिल चुकते होते, उमेदवारी मात्र जाते.

आमच्या बेळगावचे श्री ठाणेदार 2018 मध्ये गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी कशामुळे हरले? पैसा तर भरपूर ओतला होता. (बेळगाव)

होय, स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर. 2018 च्या सुरुवातीलाच सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी त्यांनी टीव्हीवर जाहिराती केल्या. (‘श्री’ हे त्यांचे नावच आहे, आदरार्थी उपपद नव्हे.) कोणाला फारसे ठाऊक नसलेले नाव काही आठवड्यांत घराघरात पोहोचले आणि सुरुवातीच्या पाहण्यांत ते आघाडीवरही दिसले.

टीव्हीने ओळख होते. ऑगस्टमधल्या सुट्टीच्या दिवसांत मतदाराला घराबाहेर काढायचे तर माणसे लागतात. ती व्हिटमर यांच्याकडे होती. त्यांनी जानेवारी 2017 पासूनच कामाला सुरुवात केली होती, राज्याच्या सिनेटमध्ये त्या पक्षनेत्या राहिल्या होत्या, वाहन कामगारांची आणि शिक्षकांची संघटना त्यांच्या पाठीशी होती. बदल हवा असणारा तरुण मतदार तिसरे उमेदवार अब्दुल अल-सय्यद यांच्याकडे गेला. सिनेटर बर्नी सँडर्स त्यांच्या प्रचाराला आले होते. ‘मी पक्षाच्या यंत्रणेबाहेरचा’ म्हणणारे असे दोघे झाले आणि ती मते वाटली गेली. 7 ऑगस्ट 2018 चा निकाल साधारण असा: व्हिटमर 52 टक्के, अल-सय्यद 30, ठाणेदार 18.

म्हणून तो पैसा वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. सुमारे दोन लाख लोकांनी त्यांना मते दिली आणि डेट्रॉइट शहरात ते पुढे राहिले. ती ओळख मागे उरली. 2020 मध्ये ते डेट्रॉइटमधून राज्याच्या प्रतिनिधीगृहात गेले. 2022 मध्ये काँग्रेसच्या तेराव्या मतदारसंघाची प्रायमरी त्यांनी नऊ जणांच्या गर्दीत सुमारे 28 टक्के मतांवर जिंकली. दुसरी फेरी नसल्याचा फायदा तो हाच.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे, पत्नी अमेरिकी नागरिक आहे. आम्ही उमेदवाराला देणगी देऊ शकतो का? (नोव्हाय, मिशिगन)

तुम्ही नाही, पत्नी देऊ शकते. परदेशी नागरिकाच्या देणगीवर संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे आणि ती राज्याच्या निवडणुकीलाही लागू आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना देणगी देता येते. मात्र पत्नीने स्वतःचे पैसे स्वतःच्या नावाने द्यायचे. तुमचे पैसे तिच्या नावाने देणे हा गुन्हा आहे. 20 डॉलरहून जास्त रोख चालत नाही. देणग्यांची बेरीज 100 डॉलरच्या वर गेली की व्यवसाय आणि मालकाचे नाव लिहून द्यावे लागते. आपल्या मंडळींचा सल्लागारीचा छोटा धंदा असतो आणि चेक कंपनीचा फाडायची सवय असते. कॉर्पोरेशनच्या खात्यावरचा चेक उमेदवाराला घेताच येत नाही.

विनामोबदला काम तुम्ही खुशाल करा: फोन लावा, दारोदार फिरा. पैसा कुठे खर्च करायचा असल्या निर्णयांत मात्र भाग घेऊ नका. सह्यांचा कागदही हातात घेऊ नका. तळाशी ‘मी 18 वर्षांवरील अमेरिकी नागरिक आहे’ असे लिहून सही द्यावी लागते, आणि ग्रीन कार्डवाल्यांनाही ती देता येत नाही.

नुकतीच नागरिकत्वाची शपथ घेतली. प्रायमरीत पहिल्यांदा मत देणार आहे. पक्षात नाव नोंदवावे लागेल का? (ट्रॉय, मिशिगन)

नाही. मिशिगनमध्ये मतदार नोंदणी करताना पक्ष विचारत नाहीत. मतदानाच्या दिवशीही रात्री 8 पर्यंत, राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन, आपल्या गावाच्या क्लार्क (निवडणुकीचे काम पाहणारा स्थानिक अधिकारी) कार्यालयात नाव नोंदवता येते. केंद्रावर जाऊन आधी मत द्यायचे असेल तर 25 जुलै ते 2 ऑगस्ट ही मुदत आहे.

मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाचा वेगळा रकाना असतो. एकच रकाना निवडायचा. गव्हर्नरसाठी एका पक्षात आणि काँग्रेससाठी दुसऱ्या पक्षात खूण केली, तर पक्षीय विभागातली तुमची सगळी मते बाद होतात. पक्षविरहित पदे आणि ठराव यांवरची मते तेवढी मोजली जातात. केंद्रावरचे यंत्र अशी मतपत्रिका परत करते आणि नवीन घेता येते. घरून टपालाने पाठवलेल्या मतपत्रिकेला ही सोय नाही. चूक लक्षात आली तर खाडाखोड न करता मुदत संपण्याआधी क्लार्ककडून दुसरी मतपत्रिका मागून घ्या.