सूचना एकाच्याच तोंडून मिळू द्या

प्रश्न : आमच्या तासगावच्या बेदाणा पॅकिंग केंद्रात बौद्धिक अक्षमता असलेला 24 वर्षांचा एक तरुण सहा महिन्यांपासून कामाला आहे. काड्या आणि खराब मणी तो इतरांपेक्षा बारकाईने निवडतो; पण पाव किलोच्या पिशव्या थांबवून अर्ध्या किलोच्या भरायला सांगितल्या की गोंधळतो, आणि कोणी आवाज चढवला की हातचे काम टाकून कोपऱ्यात बसतो. मुकादम त्याला काढून टाका म्हणतात. काय करावे? – एक वाचक

उत्तर : त्याला काढू नये, असे मला मनापासून वाटते. निवडण्याच्या कामात काय हवे आणि काय नको हे त्याच्या डोळ्यांसमोर असते. पिशव्यांचे वजन बदलते तेव्हा मात्र ते केवळ तोंडी सांगितले जाते, आणि तेही बहुधा घाईत, दोघातिघांकडून. म्हणून त्याला सूचना देणारी व्यक्ती एकच ठेवावी. वजनकाट्याशेजारी त्या दिवसाचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेले कार्ड लावावे, आणि शक्यतो वजन दिवसाच्या मध्येच बदलू नये. बदलणे भाग असल्यास आधी कल्पना द्यावी, कार्ड त्याच्याच हाताने बदलून घ्यावे आणि पहिली पिशवी त्याच्यासोबत भरावी. ‘समजले का?’ असे विचारल्यास तो भिडेने हो म्हणेल, त्याऐवजी ‘करून दाखव’ म्हणावे. पिशव्या मोजताना चुकत असेल तर वीस खणांचा ट्रे द्यावा, म्हणजे ट्रे भरला की मोजणी आपोआप पूर्ण होते.

मुकादमांशी तुम्ही स्वतः बोलावे. गोंधळलेल्या माणसावर ओरडले की त्याला काहीच सुचेनासे होते. दहा मिनिटे शांत बसू दिल्यास तो पुन्हा कामाला लागतो. चोवीस वर्षांच्या माणसाला ‘बाळ’ म्हणणे किंवा त्याच्यादेखत त्याच्याविषयी इतरांशी बोलणेही थांबले पाहिजे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 बौद्धिक अक्षमतेलाही लागू आहे. गरजेनुसार कामाच्या पद्धतीत असे वाजवी फेरबदल करणे त्या कायद्याला अभिप्रेत आहे, आणि कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. खाजगी केंद्रही त्यातून सुटत नाही. त्याच कामाची मजुरी इतरांना मिळते तेवढीच त्यालाही द्यावी.

यातले काहीही सुरू करण्यापूर्वी त्याला शेजारी बसवून, नेमके कुठे अडते ते काट्यापाशीच दाखवायला सांगा. आईवडिलांना बोलवायचे असेल तर तेही त्याला विचारूनच.